राजीनाम्याची पाठ

१

हरिदासची दोन बोटं रविवारी गेली. नोकरी त्याच्याही अकरा दिवस आधी गेली होती आणि ती त्यानं स्वतःच्या मर्जीनं सोडली होती, हे त्याला मंगळवारी कळलं.

सांगायला कोणी साहेब आला नाही. कॅम्प बॉस मन्सूरनं हॉस्पिटलच्या खाटेवर एक झेरॉक्स टाकली आणि तो चालता झाला. झेरॉक्स इंग्रजीत. हरिदास जिंतूरकडचा सुतार. त्याला लाकडाची नस कळते, इंग्रजीची नाही. म्हणून त्यानं कंपनीच्या ड्रायव्हरला, रंगनाथला, बोलावून घेतलं.

रंगनाथनं कागद वाचला आणि मराठीत सांगितला. ‘घरगुती अडचणीमुळे मी राजीनामा देत आहे. आजपासून कंपनीच्या वर्कशॉपशी माझा संबंध नाही. २ मार्च २००५.’ खाली सही.

“सही तुझीच?”

“माझीच हाय. पण मी राजीनामा दिला न्हाई, दादा.”

“मग तेरा तारखेला वर्कशॉपमध्ये कटरवर कोण उभा होता?”

“भूत म्हना की.” हरिदास हसला नाही. पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला हात त्यानं उशीवर नीट ठेवला. “डॉक्टर म्हन्तो, अंगठ्याची नस परत जोडून बघू. बावीसला आपरेशन. आन् ह्यांनी माझं इमानाचं तिकीट काढलंय ईस तारखेला, रविवारी. अंगठा ऱ्हायला तर रंधा धरता यील. न्हाई ऱ्हायला तर बायकूनं, बबीतानं, मला घास भरवायचा का?”

नोकरीत नसलेल्या माणसाचा उपचार कंपनी करत नाही. नोकरीत नसलेला माणूस कंपनीच्या कटरवर कापला गेला, तर दोष त्याचाच. सरळ हिशोब. असा हिशोब करायला शिकलेलीच डोकी लागतात, अडाण्याचं ते काम नाही.

“कोनी लिव्हलं हे, दादा?” हरिदासनं विचारलं.

रंगनाथ खिडकीपाशी गेला. तो आता ड्रायव्हर होता. पण दोहात आला तेव्हा टाइपरायटरचा मेकॅनिक होता. कॉम्प्युटर आले, दुकान बंद पडलं, हातात स्टिअरिंग आलं. हौस मात्र सुटली नाही. ब्रीफकेसएवढ्या पेटीत मावणारी जुनी पोर्टेबल मशीन तो अजून गोळा करायचा, खोलायचा, पुसायचा. त्याच्या पलंगाखाली कपडे कमी आणि मशीन जास्त. टाइप केलेला कागद दिसला की तो मजकूर नंतर वाचायचा, अक्षरं आधी.

हे ऑफिसचं मशीन. फिरोजी रंगाचं इटालियन पोर्टेबल. कामगारांचे अर्ज, फॉर्म अजून त्याच्यावरच व्हायचे. ‘ए’ किंचित डावीकडे झुकलेला, ‘टी’चा पाय तुटका. ओळख पटली.

मग त्याची नजर ‘जी’वर गेली आणि तिथंच अडकली.

या मशीनच्या ‘जी’ची शेपटी गोल होती. झेरॉक्समधल्या ‘जी’ची शेपटी चपटी होती, आणि अक्षर ओळीच्या केसभर खाली बसलेलं होतं. ते तसंच बसणार. कारण जुना खिळा, म्हणजे कागदावर आपटणारं धातूचं अक्षर, तुटला तेव्हा एका जर्मन भंगारातला खिळा काढून रंगनाथनं तो स्वतः डाग देऊन बसवला होता. ऑफिसात, कॅरल मॅडमच्या टेबलावर.

नऊ मार्चला.

दोन मार्चच्या राजीनाम्यात नऊ मार्चचं अक्षर होतं.

२

बुधवारी सकाळी रंगनाथ ऑफिसात पोचला तेव्हा लोखंडी कपाट उघडं होतं आणि मशीनच्या जागी धुळीत रिकामा चौकोन होता.

“दोन दिवस झाले, दिसत नाही,” कॅरल म्हणाली. वसईची, पस्तिशीची, मुदीरची, म्हणजे कंपनीच्या बड्या साहेबाची, सेक्रेटरी. तिचे डोळे सारखे मुदीरच्या बंद दाराकडे जात होते. “मार्चची अर्जांची फाइलही गेली. मला विचारू नकोस.”

“किल्ल्या किती?”

“तीन. माझी, मन्सूरची, ऑस्वल्ड सरांची.” कामगारांचे पासपोर्ट त्याच कपाटात, म्हणून मन्सूरकडे किल्ली. पासपोर्ट माणसाचा, कपाट कंपनीचं.

“मॅडम, नऊ तारखेला मी ‘जी’ बसवला. तुम्ही समोर होतात.”

“होते.” तिनं आवाज खाली आणला. “तू ड्रायव्हर आहेस रंगनाथ, आणि माझी दोन मुलं इथं शाळेत आहेत. तुझ्या-माझ्या तोंडच्या शब्दावर लेबर ऑफिस काय करणार? उद्या ते म्हणतील, अक्षर फेब्रुवारीत बदललं. मशीन कुठाय? फाइल कुठाय?”

“मूळ कागद तरी बघू द्या.”

कॅरलनं ड्रॉवर उघडला. हरिदासची पिवळी फाइल टेबलावर ठेवली. “मी पाणी प्यायला जाते. माझ्या बाटलीत पाणी आहे, पण मी कूलरवरच जाते.”

पाच मिनिटं मिळाली. रंगनाथनं राजीनामा खिडकीच्या उजेडात धरला.

कागद नवा नव्हता. मधोमध जुनी घडी, कडा पिवळट. वरच्या ओळी ऐसपैस, दोन ओळींत बोटभर जागा. शेवटच्या तीन ओळी मात्र एकमेकींच्या मानगुटीवर बसलेल्या. टाइप करणाऱ्याला पुढे जायला जागा नव्हती. खाली सही आधीच बसलेली होती.

बरोबर. हरिदासच्या उजव्या हाताची धड सही तेराच्या आधीची. मजकूर नऊच्या नंतरचा. म्हणजे आधी कोरा कागद, त्यावर सही, मग बोटं गेली, मग मजकूर. आणि म्हणूनच कॉम्प्युटर नाही. जुना, घडी पडलेला कागद प्रिंटरमध्ये अडकतो, आणि ओळ कुठं पडेल ते दिसत नाही. टाइपरायटरवर दिसतं.

त्यानं सवयीनं कागद उलटा केला आणि पाठीवरून अंगठा फिरवला. पाठ गुळगुळीत होती.

फाइलमध्ये कॅरलनं फेब्रुवारीत टाइप केलेला एक रजेचा अर्ज होता. त्याची पाठ किसणीसारखी. प्रत्येक पूर्णविरामाला टोचा, दोन ठिकाणी तर आरपार भोक.

मशीन एकच. कागद ज्यावर चढतो तो रबरी रूळ एकच, जुना, दगडासारखा कडक. मग एक पाठ किसणी आणि एक लोणी, हे कसं? हलक्या हाताचा माणूस? पण अक्षरं तर गडद उमटलेली.

हे गणित त्याला तिथं सुटलं नाही. बाहेर पावलं वाजली. ती कॅरलची नव्हती.

३

“काय रे रंगा, कॅरलच्या टेबलावर काय हुडकतोस?”

दारात ऑस्वल्ड उभा होता. जाड भिंगांचा चष्मा, खिशाला चार पेनं, कंपनीचा ॲडमिन मॅनेजर. रंगनाथचा जीव भांड्यात पडला. दोहात त्याला साहेब म्हणावा असे पन्नास होते, मित्र म्हणावा असा हा एकच.

सहा वर्षांपूर्वी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात एका म्हाताऱ्या इराण्याच्या भंगाराच्या दुकानात दोघांनी एकाच मशीनवर हात ठेवला होता. ऑस्वल्डनं ते रंगनाथला घेऊ दिलं आणि दुसऱ्या शुक्रवारी घरी जेवायला बोलावलं. तिथं मांडणीवर बारा पोर्टेबल. मॅनेजर आणि ड्रायव्हर जमिनीवर फतकल मारून बसायचे, स्प्रिंगा मोजायचे. ऑस्वल्डचे नियम कडक. तेल द्यायचं तर सुईच्या टोकानं. पेटी बंद करताना रुळाचं सरकतं कॅरेज मधोमध. कागद चढवायचा तर मागं दुसरा जाड कागद लावूनच, नाहीतर रुळाला भोकं पडतात. खिळ्यांना ओलं फडकं लावलंस तर घरात पाऊल टाकू नकोस. रंगनाथ मेकॅनिक होता, पण यंत्राला जपणं तो ऑस्वल्डकडून शिकला.

ऑस्वल्डच्या केबिनचं दार लावून रंगनाथनं त्याला सगळं सांगितलं. ‘जी’, घडी, दाटलेल्या ओळी. पाठीचं तेवढं सांगायचं राहिलं. त्याचं त्यालाच ते अजून लागलं नव्हतं.

ऑस्वल्डनं चष्मा काढून पुसला. “नऊ तारखेला मी मुदीरबरोबर दुबईला होतो. तू खिळा बदललास हे मला ठाऊक नाही.” मग तो डोळ्यांवर चढवून म्हणाला, “कोरे कागद कोणाकडे असतात?”

“मन्सूरकडे.”

“मग? मी आणखी काय सांगू? पण जपून रे. तुझाही पासपोर्ट त्याच कपाटात आहे.”

रंगनाथ गाडी काढून सनैयाला, कारखान्यांच्या वस्तीत, गेला. कॅम्पात दुपारची भांडी वाजत होती. मन्सूर हैदराबादचा, आडवा, आवाजानंच माणसं हाकणारा. पलंगावर बसून तो काकडी कापत होता.

“कोरे कागजाँ? लेतूं ना,” तो म्हणाला. “आते ही सबसे लेतूं. तेरे भी लिया था मियाँ, भूल गया?”

रंगनाथ विसरला नव्हता. विमानतळावरून आणलेल्या माणसाला पाणी देण्याआधी कागद देतात. सही कर. कशावर? करून टाक, पुढं उपयोगी पडतो.

“हरिदासचे किती होते?”

“दो. एक उसकी छुट्टी में लग गया. दूसरा सोमवार को ऑफिस में दिया. मुदीर का फोन था.”

“कुणाच्या हातात दिला?”

“टेबल पे रखा. पूरी फाइल.” मन्सूरनं सुरी खाली ठेवली. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “देख मियाँ, मैं हरामी हूँ, सारा कॅम्प बोलता. पर मेरे को टाइप नै आती. मेरे को तो अपना नाम लिखने में पसीना आता. कॅम्प का रजिस्टर भी मेरा भांजा लिखता.”

रजिस्टर समोर उघडं पडलं होतं. मन्सूरची सही म्हणून तिथं एक वाकडी रेघ होती. दहा ओळींचा सुबक मजकूर या हातातून येणं शक्य नव्हतं.

तीन किल्ल्यांपैकी एक गळाली. राहिल्या दोन. कॅरल एवढी घाबरली होती, ते कशाला?

४

मशीन चोरणारा ते ठेवणार नाही, विकणार किंवा फेकणार. विकलं तर ते एकाच जागी येणार. गुरुवारी दुपारी मुदीरला बँकेत सोडून रंगनाथ सूक वाकिफला वळला. तिथं दुरुस्त्या चालल्या होत्या. अर्ध्या गल्ल्या खोदलेल्या, मसाल्याच्या पोत्यांवर सिमेंटची धूळ. इराण्याचं दुकान मात्र जागेवर होतं.

“फिरोजी? नहीं आया,” म्हातारा म्हणाला. “ये देख, ये आया है. हरा. चला के देख.”

हिरवं छोटं पोर्टेबल होतं, महायुद्धाच्या आधीचं. रंगनाथचं मन थाऱ्यावर नव्हतं, पण हात थाऱ्यावर होते. म्हाताऱ्यानं पुढं केलेला कागद त्यानं घेतला, शेजारच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, ते कागदाच्या मागं लावलं आणि दोन्ही मिळून रुळावर चढवले. चार अक्षरं हाणली. कागद काढून उलटा केला.

पाठ गुळगुळीत.

त्यानं कॅलेंडरचं पान उलटून पाहिलं. सगळे टोचे त्या पानानं खाल्ले होते.

कॅरल मागं कागद लावत नाही. तिची पाठ किसणी. कुठलाच ऑफिसवाला लावत नाही. त्याला काम उरकायचं असतं, रूळ मेला तर मेला. खोटा राजीनामा टाइप करतानासुद्धा जो माणूस आधी रुळाची काळजी करतो, असे त्या कंपनीत दोनच. त्यातला एक रंगनाथ.

“और वो तेरा दोस्त,” म्हातारा आपल्याच नादात बडबडत होता, “मोटे चश्मेवाला. मंगल को आया था. पागल है. मशीन नहीं लिया, खाली पेटी ले गया. भूरी वाली. मैंने बोला, साहब, खाली पेटी का क्या करेगा?”

५

शुक्रवारी मिस्सा आटोपून ऑस्वल्डचं घर दुपारी जेवायला बसतं. अल अझीझियाच्या त्या फ्लॅटमध्ये रंगनाथ न बोलावता पहिल्यांदाच गेला.

“अगोबाई, रंगनाथभाऊ,” मार्थानं दार उघडलं. “बसा, ताट वाढते. ख्रिस्तीसाठी आज इंदेलचा रस्सा केलाय. तिची बारावीची परीक्षा चालू आहे ना.”

“जेवायला नाही आलो, वहिनी. मशीन बघायला आलो.”

आतल्या खोलीत मांडणीसमोर ऑस्वल्ड उभाच होता. जणू त्याला बेल वाजायच्या आधी कळलं होतं. रंगनाथनं पेट्या मोजल्या. तेरा.

“बारा होती.”

“एक घेतलं परवा.”

“पेटी घेतली.” रंगनाथ गुडघ्यावर बसला. खालच्या फळीवर कोपऱ्यात भुरी पेटी होती. कुलूप नीट बसलेलं नव्हतं. आतलं मशीन पेटीला घट्ट होत होतं. त्यानं झाकण उचललं.

फिरोजी.

कॅरेज मधोमध आणून ठेवलं होतं, नियमाप्रमाणे. खिळे ब्रशनं साफ केलेले. रुळामागं एक जाड पांढरा कागद गुंडाळलेला तसाच होता, कारण ऑस्वल्ड मागचा कागद फेकत नसे. एक कागद वीसदा वापरायचा; हा मात्र नवाच होता. रंगनाथनं तो हळूच बाहेर काढला आणि खिडकीशी नेऊन तिरपा धरला.

शाई नव्हती. नुसते खड्डे. मार्चच्या उन्हात ते सावल्या टाकत उभे राहिले. हरिदासचं नाव. दोन मार्च. वर ऐसपैस ओळी, खाली दाटलेल्या तीन. आणि जिथं जिथं ‘जी’, तिथं चपटी शेपटी, केसभर खाली.

“तुम्ही ‘जी’ बघितला नाही?”

“बघितला.” ऑस्वल्डचा आवाज कोरडा होता. “टाइप करून झाल्यावर. दुसरा सही केलेला कागद नव्हता. तुला कळणार हे मला त्याच वेळी कळलं. म्हणून फाइल आणि मशीन उचललं.”

“का केलंत?”

“मुदीरनं फाइल पुढ्यात टाकली. म्हणाला, सुताराचं खलास कर, नाहीतर तुझा व्हिसा खलास. ख्रिस्तीची शेवटची परीक्षा आहे. वसईला घर अर्धं बांधून पडलंय. मी बावीस वर्षं आहे इथं, रंगा. बावीस वर्षांत मी एकदाही...” तो थांबला. “मशीन समुद्रात टाक म्हणाला होता. अल वक्र्याच्या किनाऱ्यावर गेलो. गाडीतून उतरलो, हातात घेतलं. नाही टाकवलं.”

“मशीन टाकवलं नाही,” रंगनाथ म्हणाला. “सुतार टाकवला.”

ऑस्वल्ड मांडणीला धरून उभा राहिला.

“मागं कागद लावलात तुम्ही. त्याची दोन बोटं गेली, तिसरं घालवायचा कागद तुम्ही टाइप करत होता, आणि तुम्हाला रुळाची काळजी. ते जर केलं नसतं ना, साहेब, तर मी आज मन्सूरच्या नाहीतर कॅरल मॅडमच्या मानगुटीवर बसलो असतो.”

दारात मार्था उभी होती. हातात ताट तसंच. तिनं किती ऐकलं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. “सुतार म्हणजे,” ती म्हणाली, “आपला ओटा बसवून गेला तो? पैसे नको म्हणाला होता तो?”

ऑस्वल्डनं मान हलवली.

मार्थानं ताट टेबलावर ठेवलं, पेटीतलं मशीन उचलून त्याच टेबलावर मांडलं. बाजूला सारलेली खुर्ची ओढून तिनं त्या फिरोजी मशीनसमोर लावली. नवऱ्याला बस म्हणाली नाही. नुसती खुर्ची लावली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

“आणि माझी परीक्षा?” पलीकडच्या खोलीतून ख्रिस्तीनं विचारलं. ऑस्वल्डनं तेच शब्द स्वतःशी पुटपुटले. मग तो बसला.

रंगनाथ म्हणाला, “मी हा खड्ड्यांचा कागद घेऊन जाणारच आहे. तो पुरेल की नाही, ठाऊक नाही. लेबर ऑफिसात माझं तोंड ड्रायव्हरचं आहे. तुमची सही मॅनेजरची आहे.”

ऑस्वल्डनं ड्रॉवरमधून कोरा कागद काढला. दुसऱ्या जाड कागदाकडे त्याचा हात सवयीनं गेला, हवेत थांबला, आणि मागं आला. एकच कागद त्यानं रुळावर चढवला.

तारीख टाकली. खरी. १८ मार्च २००५. मग आपलं पूर्ण नाव, हुद्दा, आणि सोमवारी चौदा मार्चला ऑफिसात काय झालं ते. तो जोरात हाणत होता. एकेक खिळा रुळावर हातोडीसारखा पडत होता. रंगनाथनं असा आवाज त्या खोलीत कधी ऐकला नव्हता. मजकूर संपल्यावर त्यानं सही केली. सही शेवटी केली.

रंगनाथनं कागद उलटा केला आणि अंगठा फिरवला. किसणी होती. पूर्णविरामांतून ऊन आरपार येत होतं.

रविवारी सकाळी सात वाजता लेबर ऑफिसच्या काउंटरवर तिघं उभे होते. रंगनाथ, ऑस्वल्ड, आणि न बोलावता आलेली कॅरल. तिनं नऊ तारखेचं तोंडी सांगितलं आणि आपलं नाव लिहून दिलं. अधिकाऱ्यानं मशीन पाहिलं, खड्ड्यांचा कागद उन्हात धरला, दोनदा धरला, आणि फोन उचलला. संध्याकाळचं विमान हरिदासला न घेता गेलं.

ऑस्वल्डचा व्हिसा मुदीरनं त्याच आठवड्यात खलास केला. त्यात रहस्य काही नव्हतं.

बावीस तारखेला, ऑपरेशनला न्यायच्या आधी, हरिदासनं रंगनाथला जवळ बोलावलं. “दादा, तो राजीनामा कोनी लिव्हला, ते कळलं का?”

“कळलं.”

“आन् हा दुसरा कागद? ज्याच्यामुळं मी ऱ्हायलो?”

रंगनाथनं त्याचा धड हात हातात घेतला. “दोन्ही एकाच माणसानं,” तो म्हणाला. “माझा मित्र आहे.”

तेवढ्यात नर्स आली आणि खाटेची चाकं फिरली.